एकतीस ग्लास आणि दादाचा गुणाकार

पत्राचा सारांश: मावशी गेल्यावर तिच्या कपाटातून दांडीचे ३१ ग्लास निघाले. नोकरीच्या निमित्ताने ती बरीच वर्षं अमेरिकेत होती, ग्लास तिथलेच. ८ उंच, १२ उथळ आणि पसरट, ६ सरळसोट पण खाली चकती असलेले आणि ५ अगदी चिमुकले. सगळ्यांवर फुलापानांची पांढुरकी, नाजूक नक्षी. उंच आठांपैकी दोघांची दांडी जरा निराळी वाटते. नाव कशावरही नाही. मावशीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वस्तू माझ्या आणि दादाच्या. दादाने एका वेबसाइटवर असाच एक ग्लास बघितला, त्याच्या किमतीला ३१ ने गुणलं आणि म्हणाला, "ग्लास तू ठेव, निम्मे पैसे मला दे. नाहीतर विकून टाकू." ऑफिसातली एक मैत्रीण म्हणते, कंपनीचं नाव नाही म्हणजे काही मोल नाही. नवरा टिचकी मारून म्हणतो, छान वाजतोय, क्रिस्टल आहे, महागच असणार. त्यात मी दोन पसरट ग्लास डिशवॉशरला लावले आणि ते धुरकट झाले. हे दादाला अजून सांगितलेलं नाही. मला सेट फोडायचा नाही. वापरायला जीव होत नाही. सोबत ग्लासांचा फोटो जोडलाय. हे ग्लास नक्की कुठले, त्यांची किंमत किती आणि दादाला काय सांगू?

उत्तर:

दादाच्या गुणाकारापासूनच सुरुवात करते, कारण भांडण तिथून उभं राहिलंय आणि चूकही तिथेच आहे. त्याने एका ग्लासाची किंमत घेतली आणि ३१ ने गुणली. पण तुमच्याकडे एकच ग्लास ३१ वेळा नाही. चार प्रकार आहेत, आणि उंच आठांमधले दोन खरंच निराळे निघाले तर पाच. शिवाय त्याने पाहिली ती कुणीतरी मागितलेली किंमत. ती कुणी मोजली का, हे त्या पानावर दिसत नाही.

तेव्हा निम्मे पैसे कशाचे, हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवा. आधी वस्तू ओळखू.

मैत्रिणीचं म्हणणं चिनीमातीच्या बश्यांना बऱ्यापैकी लागू पडतं. बशी उलटी केली की खाली नाव सापडतं. दांडीच्या ग्लासांचं तसं नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हाताने फुंकलेले नक्षीदार ग्लास बनवणारे मोठे कारखाने ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात होते. फॉस्टोरिया, केंब्रिज, हायझी, टिफिन ही त्यातली नावं. त्यांच्या बऱ्याचशा ग्लासांवर कागदी लेबल असायचं. ते पहिल्या धुण्यातच निघून जायचं. हायझीची खूण म्हणजे पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात 'एच' हे अक्षर, पण ती प्रामुख्याने साच्यात दाबून केलेल्या वस्तूंवर सापडते, आणि ग्लासावर असलीच तर पुष्कळदा बुडाशी नसून दांडीवर असते. म्हणून दांडी उजेडात हळूहळू फिरवून बघा. फ्रान्सच्या बाकारा या कारखान्याची गोष्ट वेगळी. १९३६ पासून त्यांच्या वस्तूंवर आम्लाने उमटवलेली खूण मिळते. पण त्याआधीचा बाकाराचा ग्लासही कोराच असू शकतो. थोडक्यात, नाव नसणं ही या वस्तूंची नेहमीची अवस्था आहे. आणि हो, कुठे अर्धवट लेबल चिकटलेलं दिसलं तर ते खरवडून काढायचा मोह आवरा. तो तुमच्याकडचा एकमेव लेखी पुरावा असेल.

मग ओळखायचं कशावरून? दोन गोष्टींवरून, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या धरायच्या. एक, ग्लासाचा घाट. दोन, नक्षी.

कारखान्यात आधी कोरा ग्लास तयार व्हायचा. त्याची वाटी केवढी, दांडीला गाठी किती, मणी आहेत की पैलू, बूड सपाट की किंचित उचललेलं, यावरून त्या घाटाला क्रमांक असायचा. नक्षी त्यानंतर यायची. एकाच घाटावर वेगवेगळ्या नक्ष्या आणि एकच नक्षी वेगवेगळ्या घाटांवर, असं दोन्ही चालायचं. फॉस्टोरियाची 'नवार' ही नक्षी ६०१६ क्रमांकाच्या घाटावर येते. केंब्रिजची 'रोझ पॉइंट' मात्र ३१२१ वरही भेटते आणि ३५०० वरही. नुसतं "गुलाबाची वेल असलेला जुना ग्लास" असं शोधलं तर शेकडो फोटो येतात आणि त्यातला सगळ्यात महाग असतो तोच आपला वाटायला लागतो. माणसाचा स्वभावच आहे तो. याउलट आधी दांडी जुळवायची, मग नक्षी. दांडी जुळली नाही तर फुलं कितीही सारखी दिसोत, थांबायचं.

तुमच्या उंच आठांमधले दोन वेगळे का, याचंही उत्तर इथेच असावं. हे ग्लास सेटच्या खोक्यातूनच घ्यावे लागत असं नव्हतं, सुटेही मिळत. लग्न ठरलेली मुलगी एक नक्षी निवडायची आणि पाहुणे त्याच नक्षीतले दोन-दोन, चार-चार नग आहेर म्हणून द्यायचे. पुढे फुटतील तसे भरून काढायचे. मावशीने दोन ग्लास नंतर घेतले असतील, दुसऱ्या घाटाचे, पण नक्षी तीच बघून. किंवा सगळेच असे जमवत आणले असतील. म्हणजे ज्याला तुम्ही सेट म्हणताय तो एका दिवशी सेट म्हणून घरात आला होता, असं गृहीत धरू नका. याकडे मी शेवटी पुन्हा येते.

आता नक्षी. ती खरंच आम्लाने कोरलेली आहे का, हे आधी ठरवायला हवं, आणि माझ्या मते या सगळ्या शोधातला सगळ्यात मजेचा भाग हाच. त्या काळच्या कारखान्यात ती उमटवायची रीत अशी होती: धातूच्या पत्र्यावर नक्षीच्या रेषा कोऱ्या सोडून त्यांच्या भोवतालचा भाग खोदलेला असायचा. त्या खोदकामात मेणासारखा, आम्लाला दाद न देणारा लेप भरून त्याचा ठसा पातळ कागदावर घ्यायचा. तो ओला कागद ग्लासाभोवती नीट गुंडाळायचा, दाबून बसवायचा आणि अलगद सोडवून घ्यायचा. लेप काचेवर राहायचा. ठशाबाहेरचा उरलेला ग्लास, आतून-बाहेरून, मेणाने झाकायचा आणि मग तो हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवायचा. जिथे काच उघडी तिथे आम्ल ती खायचं. शेवटी गरम पाण्यात मेण उतरवलं की नक्षी दिसायची. एका ग्लासामागे एवढे हात.

ही रीत माहीत असली की ग्लासावर तिच्या खुणा शोधता येतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. आम्लाने खाल्लेल्या रेषेचा तळ एकसारखा, बारीक दाण्याचा, मंद पांढुरका दिसतो. पाकळीच्या आत जाळीसारखं बारीक काम असेल तर तेही स्वच्छ उमटलेलं असतं. आता नक्षी ग्लासाभोवती फिरते तिचा पाठलाग करा. कागद गुंडाळला होता ना, मग त्याची दोन टोकं कुठेतरी भेटली असणार. तिथे एखादं पान कापलेलं, वेल अर्ध्या मिलिमीटरने सरकलेली किंवा बारीकशी रिकामी फट दिसते. मला तो सांधा सापडला की फार आनंद होतो, का ते विचारू नका.

फिरत्या चाकावर हाताने कोरलेली नक्षी वेगळी. तिची पानं गव्हाच्या दाण्यासारखी, मध्ये खोल आणि टोकाला निमुळती, आणि भिंगाखाली खोबणीत समांतर बारीक चरे. एका ग्लासावरचं फूल दुसऱ्यावरच्या फुलाशी तंतोतंत जुळत नाही. तिसरा प्रकार सुईचा: मेणावर यंत्राच्या सुईने न थांबता वळणं, वेटोळी, साखळ्या काढायच्या आणि मग आम्ल. तिथे रेष सगळीकडे एकाच जाडीची असते आणि फुलंपानं सहसा नसतात, नुसती भूमिती. तुमच्याकडे फुलं आहेत, म्हणजे हा प्रकार नसावा. चौथा प्रकार बऱ्याच जणांना फसवतो: नक्षी साच्यातच कोरलेली आणि काच त्यात दाबलेली. मंदीच्या काळातली अमेरिकेतली स्वस्त रंगीत काच पुष्कळशी अशी होती. बोटाला ती नक्षी उंचसखल आणि गुळगुळीत लागते, चमकते, आणि साच्याच्या जोडाची रेघ वाटीवरून खाली गेलेली दिसते. हाताने फुंकलेली वाटी साच्यात गरागरा फिरवलेली असते, त्यामुळे तिच्यावर जोडाची रेघ राहत नाही. दांडीवर रेघ असली तर घाबरू नका. दांडी दाबून करून वाटीला जोडायची पद्धत होतीच.

आणि नवं काम? वाळूचा मारा करून उठवलेल्या नक्षीच्या कडा स्टेन्सिलसारख्या कापीव आणि आतला पांढरेपणा सपाट असतो. लेझरची नक्षी भिंगाखाली बारीक टिंबांची रांगोळी दिसते.

एक इशारा इथेच देते. कोरण्याची पद्धत करून बघायला बाजारात मिळणारं एचिंग क्रीम आणून यातल्याच एखाद्या ग्लासाच्या बुडाशी प्रयोग करायचा नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल तर घरात आणायचंच नाही. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मी नाव सांगणार नाही. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरी नक्षी काढलीय, ती गुलाबाची की ऑर्किडची हेही मला दिसत नाही. फोटो असा काढा: प्रत्येक प्रकारातला एक ग्लास, मागे काळं कापड, वाटीच्या आत काळ्या कागदाची गुंडाळी, उजेड बाजूने. फ्लॅश नको. एक फोटो पूर्ण ग्लासाचा, डोळ्याच्या पातळीवरून, म्हणजे दांडीचा घाट कळेल. एक नुसत्या नक्षीचा, जवळून. नक्षी कुठून कुठपर्यंत आहे, काठापासून किती खाली सुरू होते, बुडावरही आहे का, तेही टिपा.

मग पट्टी आणि मोजपात्र. उंची, तोंडाचा व्यास, बुडाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आणि काठोकाठ भरून किती पाणी मावतं ते. हे शेवटचं कुणी करत नाही आणि तेच कामाचं असतं, कारण जुन्या कॅटलॉगमध्ये ग्लासाची ओळख औंसात दिलेली असते. अमेरिकन औंस म्हणजे साधारण २९.६ मिलिलिटर. तुमच्या उंच ग्लासात २९० ते ३०० मिलिलिटर पाणी मावलं तर कॅटलॉगमधला १० औंसांचा गॉब्लेट, म्हणजे पाण्याचा दांडीचा मोठा ग्लास, शोधायचा. चिमुकल्यात ३० च्या आसपास मावलं तर तो एक औंसाचा कॉर्डियल, जेवणानंतरच्या गोड मद्याचा. उथळ पसरट बारा बहुधा शॅम्पेनचे, त्यांनाच उंच शर्बेट असंही म्हणत, कारण त्यात आइस्क्रीम आणि फळंही दिली जात. सरळसोट सहा हे चकतीवाले टंबलर, थंड चहाचे असतील. नावाची चूक म्हणजे किमतीची चूक, म्हणून एवढा खटाटोप.

हे सगळं हातात आलं की विचारायला जागा आहेत. उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोची रिप्लेसमेंट्स ही कंपनी १९८१ पासून जुन्या क्रॉकरी-काचेचे सुटे नग विकते. तिच्या साइटवर कारखान्यानुसार आणि नक्षीनुसार चित्रं आहेत. ओहायोत केंब्रिज गावी केंब्रिजच्या काचेचं, नूआर्कला हायझीचं आणि टिफिनला टिफिनचं संग्रहालय आहे. फॉस्टोरियाचं वेस्ट व्हर्जिनियातल्या माउंड्सव्हिलला आहे, कारण १८८७ साली ओहायोतल्या फॉस्टोरिया गावात निघालेला तो कारखाना १८९१ मध्येच तिथे हलला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग काच संग्रहालयाच्या ग्रंथालयात कारखान्यांचे जुने कॅटलॉग जपलेले आहेत. संग्राहकांच्या मंडळींना नीट फोटो आणि मापं पाठवली तर ती उत्साहाने मदत करतात. धूसर फोटो पाठवून "किती येतील?" विचारलं तर करत नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

आता तुमच्या यजमानांची टिचकी. काच वाजणं हे वाटी किती पातळ, तिचा आकार कसा आणि तुम्ही ग्लास कुठे धरलाय यावरही ठरतं. शिशाच्या काचेचा नाद लांबतो हे खरं, पण पातळ फुंकलेली साधी काचही गोड वाजते. 'क्रिस्टल' हा शब्दही सैल वापरला जातो. युरोपात १९६९ च्या नियमानुसार 'लेड क्रिस्टल' म्हणायला किमान २४ टक्के शिशाचं ऑक्साइड आणि २.९० घनता लागते. इतर ठिकाणी, विशेषतः जुन्या जाहिरातीत, चकचकीत बिनरंगी काच म्हणजे क्रिस्टल. आणि समजा शिसं निघालंच, तरी नक्षीदार ग्लासाची किंमत शिशावरून ठरत नाही. कुणाची, कुठली नक्षी आणि कुठला नग, यावरून ठरते. टिचक्या मारणं थांबवायला सांगा. काठावर मारतात आणि तिथेच टवका उडतो. शिसं असेल तर एवढंच पाळा: त्यात पेय रात्रभर ठेवायचं नाही, ओतायचं आणि प्यायचं.

अतिनील टॉर्चबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवणारच. युरेनियमची काच त्याखाली भडक हिरवी चमकते, मँगनीज असलेली फिकट हिरवी. त्यावरून काचेत काय घातलंय याचा अंदाज येतो, कारखान्याचं नाव कळत नाही. ज्यांच्याकडे रंगीत ग्लास आहेत अशा वाचकांसाठी: उन्हात जांभळट आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसणारा ग्लास असेल तर त्यात निओडायमियम हा धातू आहे. हायझी आणि टिफिन दोघांनीही असे ग्लास काढले होते आणि संग्राहक ते शोधत असतात.

धुरकट झालेल्या दोघांकडे येऊ. धुरकटपणा दोन प्रकारचा. एक वरचा, पाण्यातल्या क्षारांचा थर. दुसरा खोलवरचा: गरम पाणी आणि डिटर्जंटमधला अल्कली मिळून काचेचा पृष्ठभागच खातात. ओला केला की दोन्ही स्वच्छ दिसतात, त्यामुळे ओल्या ग्लासावर विश्वास नको. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवा, मऊ कापडाने पुसा, पूर्ण कोरडा होऊ द्या, मग बघा. गेला तर क्षार होते. राहिला तर काच गेली, आणि ती परत येत नाही. टूथपेस्ट, राख, भांडी घासायची पावडर यातलं काहीही लावू नका, आहे त्या नक्षीचीही धार जाईल. (विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: काही विक्रेते धुरकट ग्लासावर आतून तेलाचं बोट फिरवतात आणि तो फोटोत लख्ख दिसतो. हातात आल्यावर आधी साबणाने धुवायचा.) बाकीचे २९ यापुढे हाताने, कोमट पाण्यात, टबमध्ये टॉवेल अंथरून, एका वेळी एक.

इतर दोषही याच बैठकीत तपासा. काठावरून बोट नको, नख फिरवा. बारीक टवका नखाला अडतो. एकाच प्रकारचे ग्लास सपाट टेबलावर शेजारी शेजारी उभे करा. हातकाम असल्यामुळे एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक चालतो. पण एखादा ठळकपणे बुटका असेल आणि त्याची नक्षी काठाला जास्त जवळ असेल, तर त्याचा टवका घासून काढलेला आहे. तो प्यायला उत्तम, पण किमतीला कमी. बुडाखालच्या वापराच्या चऱ्यांना दिशा नसते, ते कसेही गेलेले असतात. सगळे चरे एकाच दिशेने असतील तर कुणीतरी ते मुद्दाम पाडलेत.

आणि आता किंमत. या शब्दाखाली निदान तीन आकडे दडलेले असतात. दादाने बघितला तो बहुधा पहिला: नेमका हाच नग, आजच, घरपोच हवा असेल तर दुकानदार किती घेईल. एखाद्याच्या बारा ग्लासांतला एक फुटला की तो हा भाव आनंदाने मोजतो. त्यात दुकानदाराचं गोदाम, निवड, पॅकिंग आणि वर्षानुवर्षं वाट बघणं, सगळं धरलेलं असतं. विम्यासाठी हा आकडा योग्य. दुसरा आकडा म्हणजे घाई नसलेला विकणारा आणि घाई नसलेला घेणारा यांच्यात सौदा जिथे पटतो तो. तिसरा, दुकानदार तुमच्याकडून सगळं एकगठ्ठा उचलेल तो. तिसरा पहिल्याच्या जवळपासही नसतो, आणि यात लबाडी असेलच असं नाही, त्याला त्यावर धंदा करायचा असतो. भावंडांत वाटणी करताना दुसरा आकडा धरायचा. तो शोधायला ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर 'विकले गेलेले' एवढेच नग दाखवायची सोय आहे, साधारण मागच्या ९० दिवसांचे सौदे दिसतात. तिथे तुमचाच घाट, तुमचीच नक्षी, तुमचाच नग असलेले पाच-सहा सौदे काढा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. टपालखर्च किंमतीत धरलाय की वेगळा, तेही बघा. काचेला तो जड पडतो.

हे करताना तुम्हाला एक गोष्ट दिसेल, आणि दादाला ती स्वतः बघू द्या. एकाच नक्षीतला उथळ शॅम्पेन आणि चिमुकला कॉर्डियल यांच्या भावात मोठं अंतर असतं. उथळ ग्लास भरपूर विकले गेले, भरपूर उरले. कॉर्डियल मुळात कमी घेतले जायचे आणि एवढ्याशा नगाचा टिकाव कमी. त्यामुळे तुमच्या बारा मोठ्या ग्लासांपेक्षा ते पाच पिटुकले भारी ठरले तर नवल नाही. वयावरूनही अंदाज बांधू नका. नवार १९३० च्या दशकात सुरू झाली आणि चाळीस वर्षांहून जास्त काळ बनत राहिली. तिचे निळे आणि गुलाबी ग्लास तर १९७० च्या दशकातले. पुढे लेनॉक्स या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनेही ती नक्षी काढली. लोकप्रिय नक्षीला गिऱ्हाईक जास्त, पण मालही जास्त. शिवाय मोठ्या पंगतीचं टेबल मांडणारी घरं कमी झालीत आणि अशा वस्तूंचे भाव त्याबरोबर उतरलेत. वीस वर्षांपूर्वी छापलेलं किंमतीचं पुस्तक नक्षी ओळखायला छान, भावाला निरुपयोगी.

मूल्यांकन करणारा माणूस नेमावा का? आधी वरचा हिशोब करा. एकूण आकडा मोठा निघाला किंवा दादाला तुमच्या हिशोबावर विश्वास नसेल, तर नेमा. मात्र जो स्वतः विकत घ्यायला तयार आहे त्याच्याकडून नको, आणि किंमतीच्या टक्क्यांवर फी घेणाराही नको.

राहिला दादा. तुम्ही लिहिता, "मला सेट फोडायचा नाही," आणि लगेच पुढच्या ओळीत, "वापरायला जीव होत नाही." मग न फोडता काय करणार आहात? हे मी टोमणा म्हणून विचारत नाही. कपाटात ३१ ग्लास अखंड ठेवण्यासाठी दादाला पैसे मोजायची तयारी असेल तर जरूर ठेवा, फक्त तो निर्णय दुसऱ्या आकड्यावर होऊ दे, पहिल्यावर नको. पण आधी म्हटलं तसं हे ग्लास सुटे सुटे जमत आले असतील, तर सुटे होण्यात त्यांचा काही अपमान नाही. आणि दादाला खरंच पैसेच हवेत का, हेही विचारून बघा. मावशीच्या वस्तूंमधलं आपल्याला काहीच मिळत नाहीये, असं वाटणारा माणूसही "निम्मे दे" म्हणतो.

वाटायचंच ठरलं तर जुनी रीत आहे: एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. वाटे तुम्ही करा, कारण ओळख तुम्ही पटवलेली असेल. पहिली उचल दादाची. ८ आणि १२ निम्मे निम्मे होतात, सहाही. पाच कॉर्डियल एका वाट्यात सलग ठेवून दुसऱ्या वाट्यात त्या भावाचे जास्तीचे गॉब्लेट घातलेत तर पाचांची अडचण सुटते. निराळ्या दांडीचे दोन एकत्रच ठेवा.

डिशवॉशरचं मात्र त्याला वाटे करायच्या आधी सांगा, फोटो दाखवून, आणि ते दोन ग्लास आपल्या वाट्यात चांगल्या ग्लासांच्या भावाने धरा. हे तुम्हाला थोडं महाग पडेल. पण पसरट बारातले दोन म्हणजे यातले बहुधा सगळ्यात स्वस्त नग आहेत, आणि तेवढ्यासाठी हिशोबावर शंका यावी असं काही त्यांच्यात नाही.

पहिलं काम आज रात्रीच होईल: ते दोघे व्हिनेगरमध्ये टाका. सकाळी कोरडे झाल्यावर कसे दिसतात ते कळवा, आणि सोबत एका चिमुकल्याचा फोटो काळ्या कापडावर काढून पाठवा. दांडी पूर्ण दिसू दे.